एक प्रिंटर आणि दहा टेबले

(संस्थेच्या शाळा व महाविद्यालयांतील मुख्याध्यापक आणि कार्यालयीन सेवक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून चारित्र्यसंवर्धनावर बोलावे, स्पर्धा परीक्षांवर बोलावे, मुलींच्या उच्च शिक्षणावर बोलावे. प्रिंटर हा काय बोलण्याचा विषय झाला? तो बिघडला की दुरुस्तीवाल्याला बोलवावे, एवढ्यावर विषय संपला. परंतु जून महिन्यात शाळेच्या खिडकीपुढे दाखल्यासाठी उभ्या असलेल्या बापाला हा प्रश्न विचारून पाहा. त्याने एक दिवसाची मजुरी बुडविलेली असते. मुलीच्या प्रवेशाची मुदत संध्याकाळी पाच वाजता संपणार असते. आणि आतून उत्तर येते, "प्रिंटर बंद आहे, उद्या या." त्या बापाच्या दृष्टीने आपली शंभर वर्षांची शैक्षणिक परंपरा त्या क्षणी त्या एका यंत्रात अडकलेली असते.

१९०६ साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने या शहरात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, आणि त्यामागच्या मोहमेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. गरीब घरातील मुलगा शिक्षणाच्या दारापर्यंत येऊन परत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. ते दार आज पुष्कळ वेळा कागदाचे असते. दाखला, बोनाफाईड, गुणपत्रक, शिष्यवृत्तीचा अर्ज यांतील एक कागद अडला की मूल अडते. म्हणून कागद बाहेर काढणाऱ्या यंत्राची व्यवस्था कशी लावावी आणि ती कशी सांभाळावी, एवढेच मी आज साध्या भाषेत सांगणार आहे.

प्रथम थोडा इतिहास. अमेरिकेतील चेस्टर कार्लसन या गृहस्थांनी १९३८ साली कोरड्या भुकटीने कागदाची प्रत काढून दाखविली. पुढे झेरॉक्स कंपनीने ते यंत्र बाजारात आणले आणि कंपनीचे नावच आपल्या भाषेत क्रियेचे नाव होऊन बसले. आपण "झेरॉक्स काढून आण" म्हणतो ते यामुळे. त्याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी लेसर प्रिंटर सिद्ध केला आणि १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी संगणक एकमेकांस जोडण्याची ईथरनेट ही पद्धत मांडली. या दोन गोष्टी एकाच इमारतीत घडल्या हा निव्वळ योगायोग नव्हे. प्रिंटर महाग होता आणि तो एकच होता. अनेक टेबलांवरच्या संगणकांना तो वापरता यावा, ही त्या जोडणीमागची एक मोठी गरज होती. आपल्या कार्यालयात भिंतीच्या कडेने जी निळी केबल धावते, तिच्या जन्माशी "एक प्रिंटर आणि अनेक टेबले" हा आपलाच प्रश्न होता.

आता मांडणीकडे वळू. बहुतेक शाळांत पद्धत अशी असते : प्रिंटर हेडक्लार्कच्या संगणकाला छोट्या केबलने जोडलेला असतो आणि त्या संगणकामार्फत तो इतरांना वापरावयास दिलेला असतो. ही व्यवस्था स्वस्त वाटते. परंतु हेडक्लार्क रजेवर गेले किंवा संगणक बंद करून बँकेत गेले की सर्व कार्यालय मुके होते. यावर उपाय सोपा आहे. ज्या प्रिंटरला नेटवर्कची केबल लावण्याची सोय आहे असाच प्रिंटर घ्यावा आणि तो सरळ स्विचला किंवा राऊटरला जोडावा. मग तो कोणा एकाचा राहत नाही, कार्यालयाचा होतो. वायफायची सोय असली तरी प्रिंटर जागचा हलत नाही, तेव्हा त्याला केबलच द्यावी. जुन्या दगडी भिंतींच्या इमारतींत वायफाय एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना दमते, हा अनुभव आपणां सर्वांना आहे.

दुसरी गोष्ट पत्त्याची, आणि माझ्या मते निम्म्या तक्रारींचे मूळ येथे आहे. नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. हा पत्ता बहुधा राऊटर वाटतो, आणि तो कायमचा देत नाही, काही मुदतीपुरता देतो. वीज गेली, राऊटर पुन्हा सुरू झाला, की तो नव्याने पत्ते वाटावयास बसतो. काल ज्या पत्त्यावर प्रिंटर होता, तेथे आज ग्रंथपालांचा संगणक असतो. आपले सर्व संगणक मात्र कालच्याच पत्त्यावर कागद पाठवीत राहतात. भाडेकरू घर बदलून गेला आणि पोस्टमन जुन्याच दारावर टकटक करीत राहिला, असा तो प्रकार होतो. यंत्र चालू आहे, कागद भरलेला आहे, हिरवा दिवा लागलेला आहे, आणि छपाई मात्र नाही! मग कोणी यंत्राला थापट्या मारतो, कोणी दुरुस्तीवाल्याला फोन करतो. वस्तुतः बिघाड यंत्रात नसतो, पत्त्यात असतो. म्हणून राऊटरच्या व्यवस्थेत जाऊन त्या प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा आणि तो ठसठशीत अक्षरांत लिहून प्रिंटरच्या अंगावर चिकटवावा. हे दहा मिनिटांचे काम आहे. वर्षभराची डोकेदुखी त्याने जाते.

तिसरी गोष्ट नावाची. संगणकात प्रिंटरला कंपनीचे लांबलचक नाव आपोआप पडते; दोन प्रिंटर एकाच कंपनीचे असले तर कोणता कोठला हे कळत नाही, आणि शिक्षकांच्या खोलीतून पाठविलेली चाचणीची प्रश्नपत्रिका विद्यार्थ्यांच्या खिडकीशेजारी छापून निघते. "कार्यालय-तळमजला", "परीक्षा-विभाग", "ग्रंथालय" अशी नावे सर्व संगणकांवर सारखी ठेवावीत. संगणक दहापेक्षा अधिक झाले तर प्रत्येकाने परस्पर छापण्याऐवजी एका संगणकावर सामाईक रांग ठेवणे बरे. कोणाचे काम पुढे, कोणाचे मागे, कोणते अडकले, हे तेथे एका ठिकाणी दिसते. मात्र तो संगणक कार्यालयीन वेळेत बंद करावयाचा नाही, हे त्याच्यावर लिहून ठेवावे. नाही तर आपण फिरून हेडक्लार्कच्या केबलपाशीच येऊन पोहोचू.

रांगेविषयी एक मनोरंजक हकिकत आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे तरुण संगणकतज्ज्ञ काम करीत. तेथील जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की रांगेतील सर्वांना आपापल्या संगणकावर निरोप मिळे, आणि कोणी तरी उठून कागद काढी. ही सोय त्या मंडळींनी स्वतः करून घेतली होती. नवा लेसर प्रिंटर आला, परंतु त्याची आज्ञावली कंपनीने खुली केली नाही, त्यामुळे ती सोय त्यांना करता येईना. त्या अनुभवाचाही वाटा पुढे १९८३ साली त्यांनी सुरू केलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत होता. आपल्यासाठी यातील बोध लहान पण उपयोगाचा आहे. कागद अडकतो तेव्हा यंत्रापेक्षा माणसांचाच वेळ अधिक मोडतो. कारण प्रत्येक जण समजतो की दुसरा कोणी तरी बघेल. आपण संगणकाच्या निरोपाची वाट पाहू नये. सकाळी, दुपारी आणि कार्यालय बंद होताना प्रिंटर पाहण्याचे काम एका ठरावीक सेवकाकडे नावानिशी द्यावे.

चौथी गोष्ट कागदाच्या मापाची. पुष्कळ कार्यक्रमांत अमेरिकेत चालणारे 'लेटर' हे माप आधीच बसवून दिलेले असते. आपण भरतो एफोर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचा कागद. यंत्र प्रामाणिक असते. ते लेटर मापाच्या कागदाची वाट पाहत थांबते आणि मागील सर्वांची कामे त्याच्यामागे तुंबतात. दाखल्यासाठी किंवा अर्जासाठी आपण वापरतो त्या 'लीगल' कागदाचीही हीच गंमत आहे. आपल्या बाजारातील लीगल कागद बहुधा २१५ बाय ३४५ मिलिमीटरचा असतो. अमेरिकन लीगल त्याहून सुमारे एक सेंटिमीटर लांब असतो. एवढ्याशा फरकाने खालची सही-शिक्क्याची ओळ कापली जाते किंवा कागद अडकल्याची खोटी तक्रार यंत्र करते. प्रत्येक संगणकावर एकदा बसून माप ठरवून द्यावे आणि दोन्ही बाजूंनी छपाई हीच नेहमीची पद्धत म्हणून नेमावी.

येथे थोडा हिशेब मांडतो. समजा, एका शाळेत एक हजार विद्यार्थी आहेत, सहा विषय आहेत आणि प्रत्येक प्रश्नपत्रिका चार पानांची आहे. एका परीक्षेला चोवीस हजार पाने झाली. एकाच बाजूने छापली तर पाचशे कागदांची अठ्ठेचाळीस रिमे लागतात. दोन्ही बाजूंनी छापली तर चोवीस. वर्षातून दोन परीक्षा धरल्या तर अठ्ठेचाळीस रिमे वाचतात. हा पैसा कोणाचा? कोणी जकातीतून, कोणी ईदच्या वर्गणीतून, कोणी निवृत्तिवेतनातून दिलेला हा पैसा आहे. तो कागदाच्या कोऱ्या पाठीवर खर्च होऊ नये. टोनरचेही असेच. कार्ट्रिजवर लिहिलेली पानांची संख्या ही पानाचा साधारण पाच टक्के भागच काळा होतो असे धरून दिलेली असते. पानाच्या माथ्यावर मोठे काळे बोधचिन्ह आणि चारी बाजूंनी जाड चौकट छापणाऱ्याने ती संख्या आपल्या हाती येईल अशी आशा धरू नये.

पाचवी गोष्ट अक्षरांची, आणि ती आपल्या संस्थांत अधिक जिव्हाळ्याची आहे. कारण आपल्याकडे मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत काम चालते. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की "शेख" या नावाच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. उर्दू शिक्षक इनपेजमध्ये सुंदर नस्तालिक लिपीत प्रश्नपत्रिका तयार करतात. परंतु परीक्षा विभागातील संगणकावर इनपेज नसते. याला उपाय दोन. मराठी मजकूर यापुढे युनिकोडमध्येच लिहावा. आणि कोणत्याही लिपीतील मजकूर छापावयास पाठविण्यापूर्वी, फाँट आत बसवून, त्याची पीडीएफ करावी. पीडीएफमध्ये अक्षरे पानाबरोबर प्रवास करतात. समोरच्या संगणकावर तो फाँट आहे की नाही याची चिंता उरत नाही. दाखल्यावरील नावात एक अक्षर चुकले तर त्या मुलाला पुढे पारपत्रापर्यंत हेलपाटे पडतात. म्हणून छापण्याआधी पडद्यावरचा मजकूर जनरल रजिस्टरशी ताडून पाहणे, हा प्रिंटरच्या निगेचाच भाग समजावा.

जनरल रजिस्टरचा उल्लेख आला म्हणून आणखी एक मुद्दा. आजकालचे मोठे प्रिंटर स्कॅनरचेही काम करतात. आपल्या राज्यात इतर मागासवर्गाच्या जात प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तांबोळी, बागवान, मोमीन, पिंजारी अशा घरांतील मुलांना तो पुरावा कोठे सापडतो? आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात. त्या रजिस्टराची पाने आता पापडासारखी झाली आहेत. दर अर्जाला ते काढावयाचे, काचेवर उपडे दाबावयाचे आणि झेरॉक्स घ्यावयाची, असे आणखी काही वर्षे चालले तर पुरावाच उरणार नाही. ही रजिस्टरे सुट्टीत एकदाच, शांतपणे, पान न पान स्कॅन करावीत. नेटवर्कवरील एका ठरावीक फोल्डरमध्ये वर्षवार ठेवावीत आणि तिची एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. मूळ रजिस्टर अर्थातच जपावयाचे. पण रोजचा शोध पडद्यावर व्हावा. प्रिंटर घेताना ही सोय आहे की नाही हे विचारले, तर एका यंत्रात दोन पिढ्यांचे काम होते.

आता गुप्ततेविषयी. महाविद्यालयातील मंडळींना ठाऊक आहे की शिवाजी विद्यापीठाची प्रश्नपत्रिका आता परीक्षेच्या दिवशी संगणकावरून केंद्रावर येते आणि तेथेच छापून वर्गांत न्यावी लागते. हाताशी वेळ थोडा असतो. त्या सकाळी प्रिंटर हा परीक्षेचा पहिला परीक्षार्थी असतो! या कामाचा प्रिंटर वेगळा असावा, कुलपाच्या खोलीत असावा, आणि कार्यालयाच्या सामाईक रांगेत तो दिसू नये. आदल्या दिवशी शंभर पाने छापून पाहावीत. शिल्लक टोनर, कोरड्या कागदाची रिमे आणि पर्यायी प्रिंटर ही तयारी तपासावी. जेथे वेगळे यंत्र परवडत नाही, तेथे पिन टाकल्याशिवाय कागद बाहेर न येण्याची सोय असलेले यंत्र घ्यावे. प्रश्नपत्रिका काय, मुलाचे गुण काय, शिक्षकाचा पगार काय, ही आपल्याजवळ ठेवलेली अमानत आहे. प्रिंटरच्या ताटलीत ती उघडी पडून राहणे म्हणजे अमानतीत खयानत, असे मी म्हणेन.

प्रिंटर हाही एक संगणकच आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्याला कारखान्यातून आलेला पासवर्ड सर्वांना ठाऊक असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा. त्याचा पत्ता बाहेरच्या इंटरनेटवरून पोहोचेल असा कधीही ठेवू नये. २०१८ च्या अखेरीस एका अज्ञात व्यक्तीने अशा उघड्या राहिलेल्या सुमारे पन्नास हजार प्रिंटरांवर जगभर एका चित्रफीतवाल्याची जाहिरात छापून दाखविली. ती थट्टा होती. दुसरा कोणी थट्टेवर थांबेलच असे नाही. जुलै २०२१ मध्ये विंडोजमधील छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागातच मोठे भगदाड आढळले आणि मायक्रोसॉफ्टला तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. म्हणून संगणकाच्या आणि प्रिंटरच्या आज्ञावलीतील सुधारणा "नंतर" म्हणून ढकलू नयेत. मोठे यंत्र विकताना किंवा भाड्याचे परत देताना त्यातील साठवण पुसून घ्यावी. आपण छापलेल्या कागदांच्या प्रती तिच्यात राहिलेल्या असू शकतात.

"प्रिंटर काय, नेहमीच बिघडतो," या एका वाक्याची किंमत किती होऊ शकते याचे उदाहरण आपल्या शेजारच्या देशात घडले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ढाक्याच्या बांगलादेश बँकेत परदेशी व्यवहारांचे संदेश आपोआप छापणारा प्रिंटर बंद पडलेला आढळला. तेथील सेवकांना वाटले, नेहमीचाच बिघाड आहे. वस्तुतः चोरट्यांनी बँकेच्या संगणकांत शिरून तो बंद पाडला होता. कारण छापील कागद बाहेर आले असते तर चोरी उघडी पडली असती. त्यांनी न्यूयॉर्कमधील खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचे आदेश सोडले होते. बहुतेक आदेश अडले, तरी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये गेले. आपल्या तिजोरीत एवढे काही नाही! पण यंत्र अकारण गप्प झाले तर "का?" असे विचारावे, हा धडा लहान कार्यालयालाही लागू आहे.

कोल्हापूरच्या हवामानाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. आपला पावसाळा दमट असतो. कागद ओल धरतो, कडा वळतात, आणि सुमारे दोनशे अंश तापलेल्या रुळाखालून जाताना तो कागद सुरळी होऊन अडकतो. रीम वेष्टनातून लागेल तेव्हाच काढावे, उरलेले कपाटात ठेवावे, आणि कागद भरण्यापूर्वी पत्ते पिसतात तसा तो हलवून मोकळा करावा. अडकलेला कागद ओढताना तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढावा. तुकडा आत राहिला तर पुढे रोज तेथेच अडकेल. लेसर प्रिंटर त्या तापणाऱ्या रुळापायी एकदम जास्त वीज ओढतो. तो संगणकाच्या लहान यूपीएसवर लावू नये. राऊटर आणि स्विच मात्र यूपीएसवर जरूर असावेत. आणि ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील पंचगंगेचे पूर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वेगळे सांगावयास नको की तळमजल्यावरील प्रिंटर, केबलीची जोडणी आणि कागदाचा साठा जमिनीवर ठेवावयाचा नाही.

शेवटची गोष्ट माणसांची. प्रत्येक कार्यालयात एक असा सेवक असतो की ज्यालाच हे सर्व ठाऊक असते. त्याचे आपण कौतुक करतो. पण तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर पासवर्डही निवृत्त होतात. म्हणून एक वही करावी. तिच्यात प्रिंटरचे नाव, पत्ता, खरेदीची तारीख, कार्ट्रिजचा प्रकार, टोनर कधी बदलला, किती पाने झाली, कोणता बिघाड आला आणि तो कशाने गेला, हे लिहावे. पासवर्ड वेगळ्या पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात असावा. हे काम किमान दोघांना यावे, आणि त्यांपैकी एक शिपाई असला तर फार उत्तम. कारण यंत्राजवळ सर्वांत अधिक वेळ तोच असतो. त्याला "हात लावू नकोस" असे सांगण्याऐवजी "असा हात लाव" असे शिकवावे. शिक्षणसंस्थेला हे जड जाऊ नये.

मित्रहो, पवित्र कुराणाच्या प्रथम अवतीर्ण झालेल्या वचनांत वाचनाची आज्ञा आहे आणि लेखणीचा गौरव आहे, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. आजची लेखणी काही अंशी या यंत्राच्या रूपाने कार्यालयाच्या कोपऱ्यात उभी आहे. ती सज्ज ठेवणे हे आपल्यापैकी कोणालाही कमीपणाचे नाही. येत्या जूनपूर्वी प्रत्येक शाळेने तीन गोष्टी केल्या तरी माझे आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन : प्रिंटरला कायमचा पत्ता, कार्यालयात एक वही, आणि काम जाणणारी दोन माणसे. मग खिडकीपुढे उभ्या असलेल्या कोणत्याही बापाला "उद्या या" असे सांगण्याची पाळी येणार नाही. त्याची उद्याची मजुरी त्याच्याजवळ राहील आणि त्याच्या मुलीचा प्रवेश आजच होईल.